कानडी पेपरची फुलं

"स्क्रॅप म्हंजे भंगार. साखरपुड्यात पोराकडच्यांच्या हातात भंगाराची वही कोण देतंय?" नागेंद्रनं ताटावरची मान वर न करता विचारलं.

हा प्रश्न त्यानं पंधरा दिवसांत चौथ्यांदा विचारला होता आणि मंगलनं चौथ्यांदा तव्यावरची भाकरी गरजेपेक्षा जोरात उलटली. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं मुकादमी केलेल्या या माणसाला काहीही समजावून सांगायचं म्हणजे ते पोत्यात भरून, वर शिलाई मारूनच द्यावं लागतं, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी ती सांगायची, कारण न सांगता गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"अवो, फोटोची वही असती ती. ऋतिकाचे बारशापासनंचे फोटो चिकटवायचे, भोवतीनं फुलं, लेस, मणी लावायचे, खाली दोन-दोन ओळी लिव्हायच्या. त्याला स्क्रॅपबुक म्हंत्यात."

"मग फोटोची वही म्हण की," नागेंद्र म्हणाला आणि ताक मागितलं.

मंगलचं माहेर कागल. निपाणीहून बसनं अर्ध्या तासाची वाट, मध्ये फक्त महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका. पण त्या नाक्याच्या पलीकडं ती दहावी झालेली हुशार मुलगी होती आणि अलीकडं सून होऊन आली तेव्हा अर्धी अडाणी झाली. बसची पाटी कानडी, लाईटचं बिल कानडी, रेशनकार्ड कानडी. बोलायला ती वर्षभरात शिकली. आठवडी बाजारात ती अशी काही कानडी भांडते की भाजीवाल्या बायका आपण होऊन चार मिरच्या जास्त टाकतात. वाचायचं मात्र तिला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं जमवलंही नाही. "त्या जिलब्या माझ्या डोस्क्यात शिरत न्हाईत," म्हणून तिनं हात झटकले ते झटकलेच. नागेंद्रची तर सगळी शाळाच मराठी. त्यामुळं बिल आलं की ते घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायचं आणि दुकानदाराकडून वाचून घ्यायचं, ही मंगलची दर महिन्याची वारी होऊन बसली, आणि पुढं ऋतिका शाळेत कानडी शिकली तरी ती मोडली नाही.

हात मात्र तिचे विलक्षण. गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवत मंगलकडं, हे न सांगता ठरलेलं. आणि त्यासाठी ती बाजारातून एक वस्तू विकत आणायची नाही. लग्नपत्रिकांच्या सोनेरी कडा, विरलेल्या साड्यांचे काठ, गोळ्या संपलेल्या पाकिटांचा चंदेरी पत्रा, पेढ्यांच्या बॉक्समधला जाळीचा कागद, फुटक्या बांगड्या, असलं सगळं तिच्या पलंगाखालच्या तीन खोक्यांत जमा असायचं. साबुदाणा हळदीच्या नाहीतर बिटाच्या पाण्यातून काढून वाळवला की तिचे मोती तयार. भोपळ्याच्या बिया एकाला एक लावल्या की पाकळ्या. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही.

एवढं सगळं असूनही घरातल्या माणसांना काय टाकायचं आणि काय ठेवायचं याची अक्कल येत नाही, हे तिचं कायमचं दुखणं. नागेंद्र शर्टाचं बटण तुटलं की खिडकीतून फेकतो. लेक ऋतिका बेळगावला औषधांच्या दुकानात कामाला लागल्यापासून तर सुट्टीला घरी आली तरी गोळ्यांची पाकिटं मोकळी करते आणि सरळ कचऱ्यात टाकते, जिच्या आईला ती पाकिटं सोन्यासारखी. मंगल रोज सकाळी कचऱ्याची बादली घंटागाडीत द्यायच्या आधी तपासते, आणि तपासता तपासता बोलते. गल्लीला त्याची सवय झाली आहे.

आता ऋतिकाचं लग्न ठरलं होतं. मुलगा बेळगावचा, सौरव नाव. ऋतिका बेळगावात ज्या दुकानात काम करते तिथंच ओळख झाली, दोन्ही घरांनी होकार दिला, रविवारी निपाणीला साखरपुडा ठरला. यात मंगलला धास्ती वाटावी अशी एकच गोष्ट होती. सौरवची आई कानडी शाळेत मास्तरीण होती. घरी मराठी बोलणारी, हसतमुख बाई, पण मास्तरीण. ऋतिकानं फोनवर सांगितलं होतं, "मम्मी, त्यांना हातानं केलेलं लई आवडतं. माझं स्क्रॅपबुक कर तू. दुकानातलं काय लावू नको."

मंगलनं होकार दिला आणि मग तिची झोप उडाली. मास्तरणीच्या हातात वही द्यायची म्हणजे ती तपासणारच. आणि त्या वहीवरून ठरणार की तंबाखूच्या वखारीतल्या मुकादमाची पोर कसल्या घरातून आली. असं ऋतिका म्हणाली नव्हती, सौरवची आईही म्हणाली नव्हती. मंगलनं ते आपलं आपण ठरवलं होतं आणि एकदा तिनं ठरवलं की ते बदलायला कुणाची टाप नव्हती.

तरी दुकानातलं कसं असतं ते बघून घ्यावं म्हणून ती ऋतिकाबरोबर बेळगावला खडेबाजारात जाऊन आली. दुकानदारानं पारदर्शक पाकिटांची रास समोर टाकली. एका पाकिटात कागदाचे दोन गुलाब, दोन मोती, बोटभर लेस. मंगलनं पाकीट उलटंपालटं केलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, ह्यो तर पेढ्याच्या बॉक्सातला कागद हाय! आणि ह्यो मोती साबुदाण्यापरास हलका!" दुकानदार बघत राहिला. ऋतिकानं तिला दंडाला धरून बाहेर आणलं आणि बसस्टँड येईपर्यंत तिच्याशी बोलली नाही. मंगलला त्यात आपली काय चूक झाली ते आजतागायत समजलेलं नाही.

गुलाबांचं मात्र जरा अवघड होतं. मोबाईलवर ज्या बाया स्क्रॅपबुक शिकवतात त्या गुलाबाला जुना इंग्रजी पेपर वापरतात. पेपरचा एक रकाना उभा कापायचा, पट्टी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायची, की कागद जुनापुराणा, तपकिरी दिसतो. मग ती पट्टी हेअरपिनीवर गुंडाळत आणि दर वेढ्याला दुमडत जायची. बारीक अक्षरं पाकळ्यांवर नक्षीसारखी उमटतात. मंगलनं तेच मराठी पेपरवर करून बघितलं होतं, दिवाळीच्या सुमारास, शेजारच्या रुक्माबाईच्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या वहीत. गुलाब देखणा झाला. पोराच्या फोटोत कपाळाच्या अगदी वर तो चिकटवला. आणि रुक्माबाईनं वही उघडली तर पाकळीवर ठळक अक्षरात, "रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता."

आमच्याकडं कुणी गेलं की तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाची वेळ पेपरात येतेच. रोज येते. रुक्माबाईनं वही दारात आणून ठेवली, आणि त्यानंतर तीन महिने तिच्याकडची चटणीची वाटी मंगलच्या घरी आली नाही.

मंगल पुष्कळ रडली, पुष्कळ चिडली, आणि शेवटी तिनं त्यातून धडा घेतला. धडा असा, की लोक वाचतात म्हणून घोटाळा होतो. तेव्हा वाचताच येणार नाही असा कागद घ्यावा. रद्दीवाल्या भरमूआण्णाकडून तिनं कानडी पेपरचा गठ्ठा आणला आणि खूश झाली. गोल गोल, वळणदार अक्षरं, जणू देवानं गुलाबासाठीच केलेली. काय लिहिलंय ते कळत नव्हतं, म्हणजे काहीच लिहिलेलं नव्हतं. सौरवची आई कानडी शाळेत शिकवते ही गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, तिची झोप त्याच गोष्टीनं उडाली होती, आणि तरीही या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत. आता हे वाचणाऱ्याला वाटेल, असं कसं होईल? होतं. शहाण्या माणसांच्या घरात रोज होतं.

कधी कधी पानावर ओळीनं माणसांचे चेहरे असायचे. मंगल ते नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा समजायची, कारण आमच्या पेपरांत जिवंत माणसांचे फोटोही तसेच ओळीनं असतात. चेहरे कापून टाकायचे आणि अक्षरांचा रकाना घ्यायचा.

खरी पीडा वेगळीच होती, आणि ती होती सासू. मनुबाई शहात्तरची, कंबरेत वाकलेली, पण हातपाय चालते. माहेर तिचं तिकडं गोकाकच्या बाजूचं. शाळा तिला माहीत नाही असं सगळं घर समजायचं. मराठी पेपर समोर असला तरी ती त्याच्यावर लसूण सोलायची. पेन्शनच्या कागदावर अंगठा लावायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून चष्मा लावून तांदूळ निवडत दारात बसायची. आणि या बाईनं मंगलच्या गठ्ठ्यातली पानं चोरायला सुरुवात केली.

पहिल्यांदा मंगलला वाटलं, वाऱ्यानं गेली असतील. मग मोजून ठेवली तरी दोन पानं कमी. एकदा तर तिनं रंगेहाथ पकडलं. मनुबाई गठ्ठ्याशी बसलेली आणि एक पान घडी करून पदराखाली.

"आत्याबाई, ते पान कशाला घेतलासा?"

"ते घिऊ नको. चांगलं न्हाई ते."

"काय वाईट हाय त्यात? कोरं करकरीत हाय की."

"न्हाई म्हंजे न्हाई."

"अवो, पण का?"

 मनुबाई पान घेऊन उठली आणि घरामागच्या परड्यात जाऊन बसली. मंगलनं कपाळावर हात मारून घेतला. पोरीचा साखरपुडा आठ दिवसांवर, चाळीस गुलाब करायचे, आणि म्हातारी कागद लपवत बसलीय! संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नागेंद्र म्हणाला, "म्हातारं माणूस हाय, घिऊ दे की एक कागद." एक कागद! तोवर अकरा झाले होते. मंगलनं त्या दिवशी आमटीत मीठ कमी टाकलं आणि ते मुद्दाम टाकलं.

गुरुवारी मनुबाई लेकीकडं संकेश्वरला गेली, रविवारी सकाळी येते म्हणून. शुक्रवारी मंगलनं तिची गादी उन्हात टाकायला उचलली. खाली सगळी पानं होती. घड्या घालून, एकावर एक, नीट. मंगलला इतका राग आला की तिथंच बसून ती मोठ्यानं बोलली, घरात ऐकायला कुणी नसताना. काय म्हणावं या बाईला! वापरणार नाही, खाणार नाही, नुसतं दुसऱ्याला मिळू नये म्हणून दाबून ठेवायचं. तीस वर्षं हेच. ही भाजी नको, तो सण असा नको, आणि का म्हणून विचारलं तर नाही म्हणजे नाही. तिनं सगळी पानं उचलली, चहाच्या पाण्यात बुडवली आणि दोरीवर वाळत टाकली. त्या पानांचे गुलाब सगळ्यांत सुंदर झाले. ते तिनं वहीच्या आतल्या पानांवर, ऋतिकाच्या फोटोंच्या शेजारी, हौसेनं लावले. मुखपृष्ठावर गठ्ठ्यातल्याच एका अखंड लांब रकान्याचा एकच टपोरा गुलाब लावला. तो करायला तिला दोन तास लागले. भोवती बिटाच्या रंगाचे साबुदाण्याचे मोती आणि तिच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ.

वही पूर्ण झाल्यावर ती तिनं कपाटात ठेवली. ऋतिका शनिवारी आली तर तिलाही दाखवली नाही. तिला शाळेत कानडी विषय होता, एका नजरेत तिनं ओळखलं असतं. पण मंगलला सगळ्यांसमोर एकदमच वही उघडायची होती.

रविवारी दहाच्या बसनं मनुबाई आली. पाहुणे चारला यायचे होते. ऋतिका पार्लरला गेली होती, नागेंद्र खुर्च्या मांडत होता. मनुबाईनं पिशवी ठेवली, आपल्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली.

"गादीखालची पानं कुठं गेली गं?"

मंगल याच प्रश्नाची दोन दिवस वाट बघत होती. तिनं कपाटातून वही काढली आणि सासूच्या मांडीवर ठेवली. "बगा, कुठं गेली ती. बगा, आता काय वाईट दिसतंय त्यात!"

मनुबाईनं चष्मा लावला. वही उघडली. ऋतिकाच्या बारशाचा फोटो, शेजारी गुलाब. तिनं फोटोकडं बघितलं नाही. गुलाबाच्या पाकळीखाली बोट घातलं, मान वाकडी केली आणि कानडीत वाचायला लागली. शाळेतली पोरं वाचतात तसं, अक्षराला अक्षर जोडत, हेल काढून. नागेंद्रच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

"गोकाकची कोण शांतव्वा गेली," मनुबाईनं मराठीत सांगितलं. "एकोणऐंशी वर्षं. मागं दोन ल्योक, त्यातला एक लष्करात." तिनं पान उलटलं. ऋतिकाचा शाळेचा पहिला दिवस. "ह्यो बैलहोंगलचा. झोपेतच गेला." अजून एक पान. "हिचं नाव कापलंयस तू. नुसतं 'यांच्या आत्म्यास शांती' एवढंच ऱ्हायलंय."

 मंगल जमिनीवर बसली. मास्तरणीच्या हातात ही वही गेली असती. चारला. सगळ्यांसमोर. तिला घाम फुटला, आणि घाम पुसायच्या आधी राग आला.

"मग सांगायचं न्हवं का तुमी?"

"सांगितलं की. चांगलं न्हाई म्हटलं."

"वाचाय येतंय म्हणून सांगायचं, आत्याबाई!"

"आई, तुला वाचाय येतंय?" नागेंद्र आत्ता कुठं बोलला.

"चौथी पास हाय मी. आमच्या गावात कानडीच शाळा हुती."

"मग बँकेत अंगठा का लावतीस गं?"

"तू कागद म्होरं केलास आणि शाई लावलीस."

नागेंद्र खुर्ची खाली ठेवून तिच्यावरच बसला. आणि मग मनुबाईनं सांगितलं, फार काही मोठं नाही असं, तांदूळ निवडता निवडता सांगावं तसं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासरे आणि नवरा सीमाप्रश्नाच्या चळवळीत. घरात कानडी पेपर यायचा नाही, कानडी पाटी वाचायची नाही. पहिल्या हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं, सून किती शिकलीय? कानडी शाळेत शिकली म्हणून सांगायचं सासूला अवघड वाटलं. सासू म्हणाली, अडाणी हाय आमची सून. "मग मी अडाणीच झालो," मनुबाई म्हणाली. तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली, चळवळीतली माणसं म्हातारी झाली, नातीला शाळेत कानडी विषय आला, पण मनुबाईला पुन्हा कुणी विचारलं नाही. यंदा मंगलनं गठ्ठा आणला तेव्हा पन्नासएक वर्षांनी पहिल्यांदा तिच्या हाताशी वाचायचा कागद आला. अक्षरं लागायला आठ दिवस लागले. ज्या पानांवर मेलेल्या माणसांची नावं होती ती पानं तिनं काढून ठेवली.

"आणि तीस वर्षं लाईटचं बिल वाचायला मला दुकानात पळवलंसा!" मंगल ओरडली. तिला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून ती ओरडत होती. "दर महिन्याला! पावसात सुद्धा!"

"मला वाटलं तुला हिंडाय आवडतंय," मनुबाई म्हणाली.

 भांडायला वेळ नव्हता. तिनं भाजी चिरायची सुरी आणली, वाफेवर पान धरून खळ सैल केली आणि एकेक गुलाब काढायला घेतला. मनुबाई शेजारी बसून निकाल द्यायची. "ह्यो काढ. ह्यो ऱ्हाऊ दे, जोंधळ्याचा भाव हाय. ह्यो काढ, काढ, पोरगं हुतं बिचारं." काढलेल्या ठिकाणी मंगल भोपळ्याच्या बियांची फुलं बसवत गेली. आजवर तिनं घरातल्या कुणाला आपल्या खोक्यांना हात लावू दिला नव्हता. आता सासूच खोक्यात हात घालून बिया निवडून देत होती, आणि चांगल्या निवडत होती. मंगलला ते दिसलं, पण ती तसं बोलली नाही. सव्वीस गुलाब निघाले. साडेतीनला वही पुन्हा उभी राहिली आणि आधीपेक्षा बरी दिसायला लागली.

ऋतिका पार्लरहून आली, साडी नेसली, वही बघितली आणि आईच्या गळ्यात पडली. घडलेलं तिला कुणी सांगितलं नाही. तेवढ्यात सौरवचा फोन आला, गाडी हायवेवरून गावात वळलीय, दहा मिनिटांत पोचतो. मंगल केसात गजरा खोचत होती. मनुबाई वही मांडीवर घेऊन अजून तशीच बसलेली. मुखपृष्ठावरच्या टपोऱ्या गुलाबाच्या पाकळीखाली बोट.

"ह्यो गुलाब चांगला हाय न्हवं?" मंगलनं घाबरून विचारलं.

"चांगला हाय. हुक्केरीकडची बातमी हाय. एका बाईची म्हस हिरीत पडली. गाभण हुती. सगळा गाव जमला, दोर सोडला, दोघं खाली उतरली आणि..." मनुबाईनं पाकळी जराशी ओढून बघितली. "मुंदेनु?"

मुंदेनु म्हणजे पुढं काय. तिनं ते कानडीत विचारलं, कुणाला असं नाही, कागदालाच विचारलं.

"पुढचं आत गुंडाळलंय, आत्याबाई. ठेवा ती वही, पाहुणं आलं."

"म्हस वर आली का पर?"

"मला काय म्हाईत? मला वाचाय येतंय व्हय?"

मंगल हे वैतागून बोलली. बोलली आणि थांबली. म्हातारीनं वही खाली ठेवली होती, शहाण्यासारखी. पण तिचं बोट पाकळीवरून निघालं नव्हतं. पन्नास वर्षांनी हातात आलेली एक बातमी, आणि ती पण अर्धी कापून, वळून, खळ लावून चिकटवलेली. मंगलला एकदम स्वतःचाच इतका संताप आला की तिनं केसातली हेअरपिन उपसली.

"मम्मी! काय करायलीस?" ऋतिका ओरडली. "अगं ते कव्हर हाय!"

मंगलनं पिन गुलाबाखाली घातली आणि दोन तासांचं काम एका झटक्यात उपटलं. मुखपृष्ठावर खळीचा पिवळा डाग तेवढा राहिला. ती सासूच्या शेजारी बसली आणि एकेक वेढा उलगडत पट्टी तिच्या हातात देत गेली. चहाचा वास येत होता. मनुबाई ओठ हलवत वाचत होती, आणि बाहेर गाडीचं दार वाजलं, नागेंद्र "या, या" म्हणाला, ऋतिका दाराकडं आणि आईकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"आली," मनुबाई म्हणाली. "वर आली म्हस. चौथ्या दिवशी रेडी झाली तिला."

मंगलनं डोळे पुसले, पट्टीचं पहिलं टोक शोधलं आणि सासूच्या बोटाखाली धरलं.

"आता पयल्यापासनं वाचा," ती म्हणाली. "हळू वाचा. मला अक्षर दावत वाचा."